सांध्याची गती आणि तिचे दर्शन

गुडघेदुखीने त्रासलेला माणूस अस्थिरोगतज्ज्ञापुढे आपले गाऱ्हाणे मांडतो ते नेहमी हालचालीच्या भाषेत. जिना चढताना काही होत नाही, उतरताना मात्र कळ येते. मांडी घालून बसता येते, पण उठताना गुडघा अडकतो. सरळ रस्त्याने चार मैल चालता येते, पण चटकन वळायला गेले की पाय दगा देतो, अशी ती कैफियत असते. ती ऐकून घेतल्यावर डॉक्टर ‘फोटो काढून आणा’ असे सांगतात, आणि रुग्ण क्ष-किरण विभागातल्या टेबलावर पडून, किंवा फार तर यंत्रापुढे उभा राहून, ‘अजिबात हलू नका’ हा तंत्रज्ञाचा हुकूम निमूटपणे पाळतो. ज्या दुखण्याचा उगम हालचालीत आहे, त्याचा तपास अशा रीतीने हालचाल संपूर्ण थांबवून केला जातो. हा तपास निरर्थक आहे असे कोणीही जाणता मनुष्य म्हणणार नाही, कारण हाड मोडले आहे काय, कूर्चा झिजून दोन हाडांमधले अंतर किती उरले आहे, कडांना नवे हाड वाढले आहे काय, या प्रश्नांची उत्तरे त्या एका चित्रावरून मिळतात आणि बहुसंख्य रुग्णांच्या बाबतीत तेवढी पुरतातही. परंतु सांधा हा अवयवच मुळी हलण्यासाठी आहे. आणि भार पडला असता, वेग वाढला असता, दिशा बदलली असता तो कसा हलतो, हा प्रश्न जेव्हा उपस्थित होतो तेव्हा स्थिर चित्र मौन पाळते.

हे मौन मोडण्याचा प्रयत्न गेली सव्वाशे वर्षे चालू आहे, आणि त्यातून जे हाती आले आहे ते सामान्य वाचकाला ठाऊक असावे इतके महत्त्वाचे आहे. या लेखात मुख्यतः गुडघ्याचा विचार करावयाचा आहे, कारण शरीरातल्या सांध्यांपैकी गतिचित्रणाच्या अभ्यासकांनी सर्वाधिक श्रम ज्यावर घेतले त्यांत त्याची गणना होते, आणि आपल्या सर्वांच्या आयुष्यात कधी ना कधी त्याच्यावर वेळ येतेच.

गुडघा म्हणजे दाराची बिजागरी, एका अक्षावर उघडणारी व मिटणारी, ही समजूत इतकी स्वाभाविक आहे की ती टिकून राहिली याचे नवल वाटू नये. शास्त्रज्ञांनी मात्र ती फार लवकर सोडली. विल्हेल्म व एदुआर्ट वेबर या जर्मन बंधूंनी मानवी चालण्याच्या यंत्रणेवरचा आपला ग्रंथ १८३६ साली प्रसिद्ध केला, तेव्हाच त्यांनी असे नमूद केले होते की गुडघा वाकताना मांडीचे हाड नडगीच्या माथ्यावर काही अंशी गडगडते आणि काही अंशी घसरते. याखेरीज पाय पूर्ण सरळ होताना शेवटच्या काही अंशांत नडगी स्वतःभोवती किंचित बाहेरच्या बाजूस फिरते आणि त्यामुळे सांधा घट्ट बसतो, हेही शरीररचनाशास्त्राच्या अभ्यासकांच्या ध्यानात आले. गडगडणे, घसरणे आणि फिरणे या तीन गती एकाच वेळी चालू असताना त्यांचे परस्परांशी प्रमाण काय असते, हे मात्र मृत देहाच्या गुडघ्यावरून सांगता येणे कठीण होते. कारण ज्या स्नायूंच्या ओढीने आणि ज्या देहभाराखाली हे प्रमाण ठरते, ते दोन्ही तेथे नसतात.

८ नोव्हेंबर १८९५ रोजी व्युर्ट्सबुर्ग येथे विल्हेल्म राँटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला, आणि त्याच वर्षी २२ डिसेंबरला त्यांनी आपल्या पत्नीच्या हाताचे, बोटातल्या अंगठीसह, चित्र घेतले. जिवंत माणसाची हाडे कातडीला धक्का न लावता दिसू लागली, तेव्हा ती हलताना पाहावीत ही इच्छा उत्पन्न होण्यास विलंब लागला नाही. ग्लासगो येथील डॉक्टर जॉन मॅकिन्टायर यांनी १८९७ साली बेडकाच्या पायाच्या हालचालीची क्ष-किरण चित्रमालिका तयार करून ती विद्वानांच्या सभेत दाखविली. चलच्चित्राची कला तेव्हा नुकतीच जन्मली होती. त्याच सुमारास अमेरिकेत टॉमस एडिसन यांनी कॅल्शियम टंगस्टेटचा लेप दिलेला पडदा वापरून असे उपकरण बनविले की ज्यातून हाडांची हालचाल प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहता यावी. या उत्साहाची किंमत त्यांचे सहायक क्लॅरेन्स डॅली यांना मोजावी लागली. उपकरणाची परीक्षा घेताना ते आपलाच हात वारंवार किरणांखाली धरीत. त्यातून कर्करोग उद्भवला, हात कापावे लागले, आणि १९०४ साली त्यांचा अंत झाला. डॅली यांची ही अवस्था पाहून एडिसन यांनी क्ष-किरणांवरचे काम सोडून दिले. गतिचित्रणाच्या इतिहासातील हे प्रकरण कोणीही विसरू नये, कारण पुढे झालेल्या प्रत्येक सुधारणेमागे कमीत कमी किरणांत जास्तीत जास्त पाहण्याची जी धडपड दिसते, तिचे कारण या प्रकरणात आहे.

आरंभीच्या पडद्यावरची प्रतिमा इतकी अंधुक असे की ती पाहण्यापूर्वी डॉक्टरांना डोळे अंधाराला सरावण्यासाठी बराच वेळ लाल काचांचा चष्मा घालून बसावे लागे. विसाव्या शतकाच्या मध्यास प्रतिमा अनेक पटींनी उजळ करणाऱ्या नळीचा प्रसार झाला, तेव्हा कोठे हा अंधारातला खटाटोप संपला. आज जिल्ह्याच्या गावांतील शस्त्रक्रियागृहांतसुद्धा मोडलेले हाड सांधताना ज्या अर्धवर्तुळाकार यंत्राच्या पडद्याकडे शल्यविशारद पुनःपुन्हा पाहतात, आणि ज्याला तेथील सर्वजण सी-आर्म म्हणून ओळखतात, ते या नळीच्या कुळातलेच यंत्र होय.

दुसऱ्या एका मार्गाने जाणारे अभ्यासक शरीराच्या बाहेरून गतीचे मोजमाप करीत होते. १८७८ साली एडवर्ड मायब्रिज यांनी धावत्या घोड्याची ओळीने छायाचित्रे घेतली, फ्रान्समध्ये एत्येन-झ्यूल मारे यांनी माणसाच्या चालण्याचे चित्रण केले, आणि त्या परंपरेतून आजच्या चाल-परीक्षणाच्या प्रयोगशाळा उभ्या राहिल्या, जेथे कातडीवर चिकटविलेल्या चकचकीत ठिपक्यांचा कॅमेरे मागोवा घेतात. ही पद्धत निर्धोक आहे व पुष्कळ कामांत तिच्यावाचून चालत नाही. पण तिच्यात एक उणीव आहे, ती अशी की कातडी व तिच्याखालची चरबी आणि स्नायू हाडावरून सरकत असतात आणि ठिपका हाडाबरोबर न जाता कातडीबरोबर जातो. मांडीवर ही चूक कित्येकदा सेंटिमीटरहून अधिक भरते, आणि गुडघ्याच्या आतले जे घसरणे मोजावयाचे ते तर काही मिलिमीटरांचेच असते. या चुकीचा निरास करण्यासाठी कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी थेट हाडांतच पोलादी खिळे बसवून त्या खिळ्यांची हालचाल मोजली व आपले निष्कर्ष १९४८ साली प्रसिद्ध केले. स्वयंसेवकांच्या सोशिकतेला मर्यादा असल्यामुळे हा मार्ग सार्वत्रिक होणे शक्यच नव्हते. स्वीडनमधील लुंड येथे योरान सेल्विक यांनी १९७४ साली आपल्या प्रबंधात याहून सौम्य तोड मांडली. एक मिलिमीटरहूनही लहान अशा टँटलम धातूच्या गोळ्या शस्त्रक्रियेच्या वेळी हाडात बसवावयाच्या आणि दोन दिशांनी एकदम क्ष-किरण चित्रे घेऊन त्यांचे अवकाशातील स्थान गणिताने काढावयाचे, ही ती पद्धत होय. कृत्रिम सांधा हाडात पक्का बसला आहे की सूक्ष्मपणे सरकतो आहे, हे पाहण्यासाठी तिचा आजही आधार घेतला जातो.

पुढे संगणकाचे सामर्थ्य वाढले आणि गोळ्यांचीही गरज उरली नाही. या नव्या प्रयोगशाळांत काम कसे चालते ते थोडे जवळून पाहू. स्वयंसेवकाच्या गुडघ्याचे प्रथम सीटी स्कॅन काढतात व त्यावरून त्याच्याच मांडीच्या हाडाची आणि नडगीची त्रिमिती प्रतिकृती संगणकात तयार होते. नंतर तो शिशाचा एप्रन बांधून ट्रेडमिलवर चालू लागतो. त्याच्या गुडघ्यावर दोन निरनिराळ्या दिशांनी दोन क्ष-किरण नळ्या रोखलेल्या असतात आणि प्रत्येक नळीच्या समोर प्रतिमा टिपणारे यंत्र उभे असते. चाल स्थिर झाली, पाऊल योग्य जागी पडू लागले, की टाच टेकण्याच्या सुमारास किरण सुरू होतात व जेमतेम अर्धा सेकंद चालून बंद होतात. सेकंदाला २५० चित्रे घेणारे यंत्र असेल तर तेवढ्या अवधीत शे-सव्वाशे चित्रजोड्या जमतात. खरे श्रम यापुढचे आहेत. प्रत्येक जोडीसाठी संगणक त्या प्रतिकृतीला अवकाशात थोडे वळवून, थोडे सरकवून, तिची छाया दोन्ही चित्रांतल्या छायांशी जुळेपर्यंत पडताळीत राहतो, आणि जेथे त्याला जुळणी साधत नाही तेथे संशोधक स्वतः हात घालतो. सर्व चित्रे जुळली म्हणजे कोणत्या क्षणी कोणते हाड कोठे होते, याचा दाखला मिलिमीटरच्या अंशापर्यंत मिळतो. अर्ध्या सेकंदाच्या पावलाचा हा हिशेब पूर्ण करावयास पूर्वी दिवसचे दिवस लागत.

या पद्धतीने, आणि तिच्या जोडीने एमआरआयने, गुडघ्यासंबंधी जे नवे ज्ञान दिले त्यातील पहिली गोष्ट भारतीय वाचकाला विशेष जवळची वाटेल. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला दोन गोलसर उंचवटे असतात, एक आतल्या बाजूचा व एक बाहेरच्या. लंडनचे शल्यविशारद मायकेल फ्रीमन, त्यांच्या सहकारी व्हेरा पिन्स्केरोव्हा आणि इतर संशोधक यांनी २०००च्या सुमारास एमआरआयच्या साहाय्याने दाखवून दिले की गुडघा वाकत जातो तसा आतला उंचवटा बहुतांशी आपल्या जागीच राहतो, बाहेरचा मात्र मागे मागे जातो, आणि त्यामुळे वाकण्याबरोबर फिरणेही घडते. याच मालिकेतील एका अभ्यासात जपानी स्वयंसेवकांना गुडघे १६२ अंशांपर्यंत दुमडावयास सांगितले होते. त्या अवस्थेत बाहेरचा उंचवटा इतका मागे गेलेला आढळला की तो नडगीच्या माथ्याच्या मागच्या काठावरून जवळजवळ उतरलाच होता. आपल्याकडे उकिडवे बसून भांडी घासणारी, शेतात खुरपणी करणारी, जमिनीवर बसून भाकरी थापणारी माणसे दिवसातून कितीदा तरी गुडघा असाच पुरता दुमडतात आणि पुन्हा उभी राहतात. खुर्चीवर बसणाऱ्या समाजाच्या गुडघ्यावरून बांधलेले ठोकताळे या माणसांना जसेच्या तसे लागू करणे न्याय्य नाही, ही गोष्ट या चित्रांनी प्रमाणासहित पुढे ठेवली. पुण्याचे डॉक्टर कांतीलाल संचेती यांनी भारतीय रुग्णांसाठी ‘इंडस’ हा कृत्रिम गुडघा विकसित केला, तो आपल्या लोकांच्या या निराळ्या गरजांची जाण ठेवूनच.

दुसरी गोष्ट याहून सूक्ष्म आहे. आतला उंचवटा स्थिर आणि बाहेरचा फिरता, हा नियम सर्व हालचालींना लागू असावा असे पुष्कळांनी गृहीत धरले होते. परंतु बॉस्टन येथील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील संशोधकांनी २००९ साली निरोगी माणसांच्या प्रत्यक्ष चालण्याचे दोन दिशांनी चित्रण करून पाहिले, तेव्हा पाऊल जमिनीवर टेकलेले असताना आतला उंचवटाच अधिक सरकतो, म्हणजे सुमारे १० मिलिमीटर, आणि बाहेरचा सुमारे ४ मिलिमीटर, असे दिसून आले. दोन्ही निष्कर्ष आपापल्या जागी खरे आहेत. खोल बसताना गुडघा एका रीतीने वागतो व सपाट जमिनीवर चालताना दुसऱ्या. तेव्हा गुडघ्याची गती कशी, या प्रश्नाला ‘कोणत्या कामात’ हा प्रतिप्रश्न केल्याखेरीज उत्तर देता येत नाही.

तिसरी गोष्ट शस्त्रक्रियेच्या मूल्यमापनासंबंधीची आहे. फुटबॉल, कबड्डी यांसारख्या खेळांत गुडघ्याच्या आतले पुढचे लिगामेंट, ज्याला रुग्णसुद्धा आता एसीएल म्हणू लागले आहेत, वारंवार फाटते, आणि त्याच्या जागी शरीरातल्याच दुसऱ्या भागातून घेतलेला स्नायुबंध बसविण्याची शस्त्रक्रिया सर्रास होते. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर हाताने नडगी पुढे ओढून पाहतात, ती सैल नसते, आणि काम फत्ते झाले असे मानले जाते. अमेरिकेतील स्कॉट टॅशमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली अशा सहा रुग्णांना उतरत्या ट्रेडमिलवर धावावयास लावून त्यांच्या दोन्ही गुडघ्यांची तुलना केली. नडगीचे पुढे सरकणे दोन्हीकडे सारखेच होते, म्हणजे शस्त्रक्रियेने आपले प्रधान कार्य बजावले होते. परंतु शस्त्रक्रिया झालेल्या गुडघ्यातली नडगी धावताना सरासरी सुमारे ४ अंशांनी अधिक बाहेर वळलेली होती. चार अंश ही क्षुल्लक बाब नव्हे, कारण एवढ्या बदलाने प्रत्येक पावलागणिक कूर्चेच्या निराळ्या भागावर भार पडतो. सहा माणसांच्या अभ्यासावरून अंतिम फैसला देता येत नाही हे खरे; तरी नवे लिगामेंट हाडात नेमके कोठे रोवावे, याविषयी शल्यविशारदांत जो फेरविचार पुढे झाला त्याला अशा अभ्यासांनी बळ दिले. कृत्रिम गुडघ्यांच्या बाबतीतही असेच घडले. डेन्व्हर येथील डग्लस डेनिस आणि रिचर्ड कोमिस्टेक यांनी १९९०च्या दशकात रुग्णांना क्ष-किरणांच्या पडद्यासमोर गुडघे वाकवावयास लावले, तेव्हा काही प्रकारच्या कृत्रिम सांध्यांत मांडीकडचा भाग मागे जाण्याऐवजी उलट पुढे घसरतो असे उघड झाले. उभ्याने काढलेल्या स्थिर फोटोत हेच सांधे सर्वथा निर्दोष दिसले असते.

क्ष-किरणांचा आश्रय न घेता केलेल्या गतिचित्रणाचे एक मनोरंजक उदाहरण कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाचे आहे. बोटे मोडताना आवाज का येतो, या प्रश्नावर १९४७ साली लंडनच्या दोन संशोधकांनी असे मत दिले होते की सांध्यातल्या द्रवात एकाएकी पोकळी निर्माण होते व त्या क्षणी आवाज होतो. १९७१ साली लीड्स येथील संशोधकांनी उलट असे प्रतिपादन केले की आवाज होतो तो पोकळी मिटताना. २०१५ साली ग्रेगरी कॉचक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका माणसाचे एकेक बोट एका नळीत अडकवून, एमआरआय यंत्राच्या आत ते हळूहळू ओढत, दहा सांध्यांचे चित्रण केले. सांधा काही काळ ताण सोशीत राहतो, मग एकदम दोन हाडे दूर होतात, आणि त्यांच्यामध्ये एक काळी पोकळी दिसू लागते. आवाज होऊन गेल्यावरही ती तशीच असते. यावरून त्यांनी १९४७च्या मताला कौल दिला. पण हे यंत्र सेकंदाला केवळ ३.२ चित्रे घेऊ शकत होते आणि आवाजाची घटना त्याहून पुष्कळच अल्पकाळात आटोपते; म्हणूनच २०१८ साली दोन संशोधकांनी गणिताच्या आधारे, पोकळी अर्धवट मिटली तरी आवाज उत्पन्न होतो, असे मांडून वाद पुन्हा सुरू केला. ज्या वेगाने घटना घडते त्याहून यंत्राचा वेग कमी असेल, तर निर्णायक क्षण दोन चित्रांच्या मध्ये निसटून जातो, हा धडा या प्रकरणातून घेण्यासारखा आहे.

रुग्णोपचारात या विद्येचा प्रवेश आता बऱ्याच ठिकाणी झाला आहे. मनगटातील आठ लहान हाडांपैकी दोहोंमधले लिगामेंट फाटले असता हात विसावलेला असताना चित्र निर्दोष दिसते आणि मूठ आवळताच त्या हाडांमध्ये फट पडते; ती पकडण्यासाठी हलत्या मनगटाचे वेगवान सीटी चित्रण काही केंद्रांत करतात. खांदा वर उचलताना तेथला स्नायुबंध कोठे चिमटला जातो, हे सोनोग्राफीत त्या क्षणीच पाहता येते. सर्वांत मोलाचा उपयोग मात्र तान्ह्या बाळांच्या बाबतीत होतो. काही बाळांच्या खुब्याची वाटी जन्मतः उथळ असते व त्यातून हाड निसटू शकते. अमेरिकेतील थिओडोर हार्क यांनी १९८०च्या दशकात अशी पद्धत रूढ केली की बाळाची मांडी हलक्या हाताने ढकलून पाहताना सोनोग्राफीने तो खुबा हलतो कसा हे पाहावे. हीत किरणोत्सर्ग नाही, भूल द्यावी लागत नाही, आणि दोष पहिल्या काही आठवड्यांत ध्यानात आला तर बहुधा केवळ पट्ट्याच्या आधाराने तो बरा होतो. तोच दोष मूल चालू लागल्यावर कळला तर मोठ्या शस्त्रक्रियेची वेळ येते. बाळ पायाळू असेल, किंवा घरात पूर्वी कोणाला हा विकार झाला असेल, तर ही तपासणी करून घेण्याविषयी बालरोगतज्ज्ञांना अवश्य विचारावे. बाळाचे पाय सरळ करून दुपट्यात घट्ट गुंडाळण्याने हा विकार होण्याचा संभव वाढतो. पाय फाकवून कडेवर घेणे खुब्याला हितकारक असते.

एवढे सगळे सांगितल्यावर मर्यादांचाही उल्लेख करणे कर्तव्य आहे. दोन दिशांच्या क्ष-किरण चित्रणाच्या प्रयोगशाळा जगात मोजक्याच आहेत आणि त्यांचे काम अद्याप मुख्यतः संशोधनाचे आहे. क्ष-किरण व सीटी यांच्या प्रत्येक वापरात शरीराला थोडाफार किरणोत्सर्ग सोसावा लागतो; गुडघा, मनगट यांच्या बाबतीत तो तुलनेने अल्प, कंबर व खुबा यांच्या बाबतीत अधिक. आपल्या देशात अशा यंत्रांना परवाना देण्याचे व त्यांच्या सुरक्षिततेवर देखरेख ठेवण्याचे काम अणुऊर्जा नियामक मंडळाकडे असून त्याची कचेरी मुंबईतच आहे. एमआरआयमध्ये हा धोका नाही, परंतु बहुतेक यंत्रांत रुग्णाला आडवे निजावे लागते, त्यामुळे देहाचा भार सांध्यावर पडत नाही. शिवाय चित्रात दिसलेली प्रत्येक वेगळी हालचाल म्हणजे रोग नव्हे. निरोगी माणसांच्या सांध्यांतही परस्परांत पुष्कळ फरक असतात, आणि चित्र दुखण्याशी जुळते की नाही हे ठरविण्याचे काम यंत्राचे नसून डॉक्टरांचे आहे.

म्हणून सांधेदुखीच्या रुग्णाने महागडी तपासणी आपण होऊन मागावी, असे सांगण्याचा येथे हेतू नाही. त्याने करावयाचे ते याहून सोपे आणि विनामूल्य आहे. दुखणे कोणत्या हालचालीत, किती अंशात, भार असताना की नसताना, आरंभी की थकल्यावर येते, हे दोन-चार दिवस नीट लक्षात घेऊन डॉक्टरांना तपशीलवार सांगावे. शक्य असेल तर ती हालचाल त्यांच्यासमोर करून दाखवावी. आणि स्थिर चित्रात काही न आढळता त्रास कायम राहिला, तर ‘हा सांधा हलताना पाहण्याची काही सोय आहे काय’ असा प्रश्न निःसंकोच विचारावा. फोटो निर्दोष आला म्हणून दुखणे खोटे ठरत नाही, हे रुग्णाने, त्याच्या घरच्यांनी आणि वैद्यकानेही मान्य केले पाहिजे.